दहा रुपयांचा पौंड, पंधरा रुपयांचा पौंड: बाबासाहेबांचे लंडन आणि कोल्हापूरला आलेले एक पत्र

१/ ४ सप्टेंबर १९२१. लंडनहून एका तीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना पत्र लिहिले. मागणी २०० पौंडांच्या कर्जाची होती. त्यांतले १०० पौंड कायद्याच्या शिक्षणाच्या शुल्कासाठी आणि १०० पौंड मायदेशी परतण्याच्या बोटभाड्यासाठी हवे होते. रुपयाचा विनिमय दर घसरला आणि त्यामुळे पैशाचा सगळा हिशेब कोलमडला, असे कारण पत्रात दिले होते. पत्रलेखक होते भीमराव रामजी आंबेडकर.

२/ लंडनमध्ये बाबासाहेबांनी उपाशी राहून अभ्यास केला, हे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ती उपासमार केवळ शहराच्या महागाईतून आलेली नव्हती. रुपया आणि पौंड यांच्या नात्यात त्या दोन वर्षांत जी उलथापालथ झाली, तिचाही तीत मोठा वाटा होता. आणि योग असा की, हा विद्यार्थी त्याच रुपयावर प्रबंध लिहीत होता.

३/ हे त्यांचे लंडनला दुसरे जाणे. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला होता. परंतु बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली. घड्याळ चालू झाले होते आणि खिसा रिकामा होता.

४/ नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरीही बाबासाहेबांचा संसार परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांतच राहिला. लंडनसाठी पैसा साठवायचा होता. त्या काटकसरीचा भार रमाबाईंनी उचलला.

५/ याच काळात कोल्हापूरशी त्यांचा संबंध जुळला. जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य दिले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद भरली. अस्पृश्य समाजाला आपला नेता लाभला आहे, असे महाराजांनी तेथे जाहीरपणे सांगितले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत बसले. सोबत स्वतःची बचत होती, महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज होते.

६/ शाहू महाराजांनी लंडन पाहिले होते, पण अगदी निराळ्या वाटेने. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते इंग्लंडला गेले होते. त्याच दौऱ्याच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखण्याचा त्यांचा आदेश निघाला. कोल्हापुरात त्यांनी जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. गरीब मुलाची शाळा फीपेक्षाही राहण्या-जेवणापाशी अडते, हे ओळखलेला हा राजा होता. लंडनमध्ये बाबासाहेबांची गाडी नेमकी तिथेच अडत होती.

७/ आता हिशेब पाहू. त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स होत. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स होता. म्हणजे १५ रुपयांना एक पौंड. युद्धकाळात चांदी महागली. रुपया चांदीचा असल्याने त्याचाही भाव चढत गेला. हा चढा भाव टिकेल असे मानून सरकारने १९२० मध्ये रुपयाची किंमत २ शिलिंग ठरवली. आता १० रुपयांना एक पौंड मिळायला हवा होता.

८/ बाजाराने हा दर मानला नाही. चांदी उतरली, भारताची निर्यात मंदावली. कृत्रिम दर सावरून धरण्यासाठी सरकार लंडनमधील राखीव निधी ओतत राहिले आणि सप्टेंबर १९२० च्या अखेरीस त्याने हात टेकले. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा नाव नोंदवले तेही सप्टेंबरअखेरीसच. १९२१ च्या सुरुवातीपर्यंत रुपया सव्वा शिलिंगच्या आसपास येऊन पोहोचला होता.

९/ याचा अर्थ असा. सरकारी दराने २०० पौंड म्हणजे २००० रुपये. जुन्या १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने तेच २०० पौंड म्हणजे ३००० रुपये. आणि सव्वा शिलिंगच्या दराने ३२०० रुपये. विद्यार्थ्याने एक पैसाही उधळलेला नसताना त्याची गरज हजार-बाराशे रुपयांनी वाढत होती. मुंबईत प्राध्यापक म्हणून मिळणाऱ्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम!

१०/ मग कात्री लागली ती पोटाला. चरित्रकारांनी नोंदवलेला दिनक्रम असा आहे. सकाळी खाणावळवजा बिऱ्हाडात पावाचा तुकडा, थोडे मासे आणि चहा. दुपारी काही नाही. संध्याकाळी बोव्हरिलचा पेला आणि बिस्किटे. रात्री अभ्यास करताना भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. बसचे भाडे वाचवण्यासाठी पायी चालायचे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरापासून ब्रिटिश म्युझियम सुमारे चार किलोमीटरवर आहे.

११/ वाचनालय उघडताच आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असा नेम होता. ब्रिटिश म्युझियमखेरीज इंडिया ऑफिसचे ग्रंथालयही त्यांनी पालथे घातले. महागड्या लंडनमध्ये ज्ञानाचे हे भांडार विनामूल्य खुले होते आणि त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. पदवी हाती आली. त्यानंतर तीन महिन्यांनी कोल्हापूरला ते पत्र गेले.

१२/ पत्राचा सूर दीनवाणा नाही. भारतात परतल्यावर कर्ज व्याजासह फेडण्याचे वचन त्यात आहे. सामाजिक लोकशाहीच्या चळवळीचे आधारस्तंभ म्हणून महाराजांच्या प्रकृतीची आस्थेने केलेली विचारपूसही आहे. एका चळवळीतील दोन सहकाऱ्यांचा हा व्यवहार होता. दुर्दैवाने आठच महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे ४७. पुढच्याच महिन्यात, २८ जून रोजी, बाबासाहेब बॅरिस्टर झाले.

१३/ ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी फेरलेखन सुचवले, तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत परतले, प्रबंध तेथूनच दुरुस्त करून पाठवला आणि वर्ष संपण्याआधी पदवी मिळवली. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने तो ग्रंथरूपाने काढला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही शिष्याची दाद दिली.

१४/ रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडणाऱ्या चलनपद्धतीवर या ग्रंथाचा रोख आहे. परकीय चलनाशी असलेला दर सांभाळण्यापेक्षा देशातल्या बाजारात रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे, असे त्यात प्रतिपादले आहे. घसरत्या विनिमय दराने व्यापाऱ्याला जो नफा होतो, तो मजुरीवर जगणाऱ्याच्या तोट्यातून येतो, हेही त्यात दाखवले आहे. ग्रंथात लेखकाच्या स्वतःच्या उपासमारीचा उल्लेख नाही. तेथे आकडे आणि युक्तिवाद आहेत. शेजारी ते पत्र ठेवून वाचले, की त्या आकड्यांतला विद्यार्थी दिसू लागतो.

१५/ ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आता तेथे स्मारक आहे. खरेदीच्या वेळी एका पौंडासाठी सुमारे शंभर रुपये मोजावे लागत होते. कोल्हापूरहून लंडनला शिकायला जाणारा मुलगा आजही अर्ज भरण्याआधी पहिल्यांदा तोच दर पाहतो.