परळचं बैलघोडा

1832च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात कुत्र्यांवरून दंगल झाली. भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम निघाला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत होतं. पारशी रस्त्यावर उतरले, त्यांच्यामागोमाग हिंदू आणि जैनही. दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं तिथे सांभाळली जात. दाणापाणी आणि आसरा मिळे. पण आजार ओळखून वेळेवर इलाज करायचा, हा विचार शहरात रुजायला अजून काही दशकं जायची होती.

तो रुजला तो राबणाऱ्या जनावरांमुळे. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. सुरुवातीलाच ट्राम कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते, असं सांगतात. गिरण्यांचा कापूस, बंदरावरचा माल, सगळं बैलगाडीवर. त्याच 1874 साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. पुढच्या दशकात गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला त्यांच्या पत्नीचं, साकरबाईंचं नाव दिलं गेलं. गिरणगावाने मात्र त्याला ‘बैलघोडा’च म्हटलं, आजही म्हणतात.

इथे येणारं जनावर बहुधा उशिरा येई. जू घासून बैलाच्या खांद्यावरचे आधी केस जातात, मग कातडी जाड होते, सूज चढते आणि ती फुटली की जखम चिघळते. खांदेसूज ती हीच. सुरुवातीलाच जू उतरवून विश्रांती दिली तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. गाडीवानाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण गाडी उभी राहिली की घरची चूल थंड. मग जखमेला तेल-हळद लावून त्याच खांद्यावर पुन्हा जू चढायचं. जनावराला थांबवायचं कधी, हे त्याच्या दुखण्यावरून ठरत नसे, मालकाच्या पोटावरून ठरे.

1890च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने नेमका इथे हात घातला. आजारी, जखमी किंवा अशक्त जनावर कामाला जुंपलं तर शंभर रुपयांपर्यंत दंड. शिवाय असं जनावर मॅजिस्ट्रेट सरळ इस्पितळात धाडू शकत होता आणि ते पुन्हा कामाजोगं होईपर्यंत तिथेच ठेवू शकत होता. खर्च मालकाचा. जनावर किती थकलंय हे मालकाखेरीज दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. हातावर पोट असलेल्या गाडीवानाला ती जाचली असणार. बैलाच्या बाजूने बोलणारं मात्र तोवर फारसं कुणी नव्हतं.

कायद्याला ज्ञानाची जोड आधीच मिळाली होती. 2 ऑगस्ट 1886 रोजी परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोड्या-खेचरांना होणाऱ्या सर्रा रोगावर त्यांनी ब्रह्मदेशात काम केलं होतं. विद्यार्थ्यांना रोगी शेजारच्या इस्पितळात मिळत. कुठल्या दुखण्यात वाट पाहायची आणि कुठल्यात नाही, हे तिथे जनावराच्या अंगावर हात ठेवूनच शिकता येई. पोटफुगीचंच घ्या. कोवळा हिरवा चारा जास्त झाला की गाईची डावी भकाळी फुगते, टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजते. वायू फुप्फुसांवर दाब देतो, जीभ बाहेर येते, श्वास कोंडतो. अशा वेळी डाव्या भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसवलेला टोकदार दांडा, खुपसायचा, आतला दांडा काढून घ्यायचा आणि नळी तशीच ठेवायची. वायू सूंऽऽ करत निघतो आणि मरणाच्या दारातलं जनावर काही मिनिटांत उभं राहू शकतं. तासभर उशीर झाला तर तीच गाय हातची जाते.

1907मध्ये विजेची ट्राम आली, मागोमाग मोटारी आल्या, आणि परळच्या दारात कुत्री-मांजरं वाढू लागली. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने पंख कापलेल्या घारी आणि कबुतरंही येतात. 2015मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्याही बेकायदा ठरवल्या.

घरच्या लाडक्या प्राण्यावर रोजीरोटी अवलंबून नसते, तरी उशीर होतोच. कारण प्राणी दुखणं लपवतो, आणि माणूस सकाळपर्यंत बघू म्हणतो. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ असेल. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. मोठ्या छातीचा कुत्रा उमळतो, बाहेर काहीच पडत नाही, पोट ताणत जातं. जठराला पीळ पडला असेल तर हातात फक्त काही तास असतात. हिरड्या पांढऱ्याफटक पडणं, न थांबणारी फिट, धाप, साप चावणं, यातल्या कशातही सकाळची वाट पाहायची नसते.

मुंबईत 2024पासून महालक्ष्मीला चोवीस तास उघडं असणारं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय आहे. गावाकडे गुरांसाठी 1962 क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं. तालुक्याच्या गावी मध्यरात्री कुत्र्या-मांजराला घेऊन निघालेल्या माणसाला मात्र बहुतेक वेळा दवाखान्याला कुलूपच दिसतं.