कुटुंबबाह्य काळजीवाहक

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तीची देखभाल वेतन न घेता करणारी, पती-पत्नी व अपत्ये सोडून अन्य व्यक्ती; उदा., भाचा, शेजारी, जुना सहकारी. एकत्र कुटुंबात ही जबाबदारी चुलत-आते नात्यांत आपोआप वाटली जाई. मुले नोकरीनिमित्त दूर गेल्यावर ती शेजाराकडे सरकली. उदा., १८५२ पासून नगरपालिका आणि २०१६ पासून महानगरपालिका असलेल्या पनवेलमध्ये वाडा आणि सिडकोची सोसायटी अशी शेजाराची दोन्ही रूपे नांदतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज मांडला.

या देखभालीचे स्वरूप तुटक असते : गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, वारांप्रमाणे गोळ्यांची डबी भरणे, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत जाणे, वाट चुकून एस.टी. स्थानकात पोहोचलेल्यास घरी आणणे. दिवेलागणीला रुग्णाची अस्वस्थता वाढते (सायंकालीन संभ्रम), आणि नेमकी तीच वेळ शेजाऱ्याच्या स्वतःच्या स्वयंपाकाची असते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार ‘काळजीवाहक’ रुग्णासोबत राहणारा असावा लागतो, त्यामुळे भिंतीपलीकडचा शेजारी त्या व्याख्येत बसत नाही. मात्र रुग्णाला निर्णयक्षमता असेतोवर लेखी नेमणूक करून शेजाऱ्याला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ करता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा अधिनियम निर्वाहाचे दायित्व अपत्ये व वारसदार नातेवाइकांवरच टाकतो. (पहा : अल्झायमर रोग, जराचिकित्सा, वृद्धाश्रम).