दुरून पाहावयाचे चित्र

अंबरनाथ तालुक्यातील चामटोलीसारख्या गावाच्या रस्त्यावर लागणारा वाढदिवसाचा फलक असो किंवा मुंबईतील चित्रपटाचे होर्डिंग असो, दोन्हींसाठी छायाचित्राची संगणकीय फाइल आज जवळजवळ एकाच रीतीने तयार केली जाते. परंतु हातात मावणारे चित्र दहा-वीस फुटांचे केल्यावर ते दुरून ओळखू कसे यावे, हा त्यामागील प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि महाराष्ट्रात तो नाटकाचे पडदे व चित्रपटांचे फलक रंगविणाऱ्यांनी ब्रशाने सोडविला होता.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (1890–1954) चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आनंदराव पेंटर यांच्याबरोबर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत, आणि त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (1924) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे भारतातील उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांमध्ये सर्वांत जुने मानले जाते. मुंबईत मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात, 1930च्या दशकात, चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरले. या धंद्यातील मुख्य युक्ती चौकटींची होती. मूळ छायाचित्रावर इंचा-इंचाच्या उभ्या-आडव्या रेघा मारावयाच्या, कापडावर तितक्याच चौकटी फुटाफुटाच्या आखावयाच्या आणि एकेका चौकटीतील आकार त्या-त्या जागी बारापट करून उतरवावयाचा. रंगकाम पूर्ण झाले की चौकटी त्याखाली नाहीशा होत. नाकाच्या बाजूची सावली तळहाताएवढ्या फटकाऱ्याने उमटविली जाई, त्यामुळे परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याला समोर नुसते रंगाचे ढीग दिसत आणि चेहरा रस्त्यापलीकडून दिसे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण एरवी उपहासाने वापरली जाते. या व्यवसायात मात्र ती कामाची रीतच होती.

1990च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लेक्स, म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड, आणि त्यावर शाईचे सूक्ष्म थेंब उडविणारी रुंद यंत्रे आली आणि हाताने रंगविलेल्या फलकांचा धंदा पाहता पाहता ओसरला. यंत्राला ब्रशाचे शहाणपण नसते. ते फाइलमध्ये भरावे लागते. फाइलमधील चित्र पिक्सेलांचे, म्हणजे एकेकाच रंगाच्या बारीक चौकोनांचे, बनलेले असते, आणि रिप नावाची प्रणाली त्या पिक्सेलांचे शाईच्या थेंबांत रूपांतर करते. पुस्तकाच्या छपाईला इंचामागे 300 पिक्सेल लागतात म्हणून 20 बाय 10 फुटांच्या फलकालाही तितकेच ठेवले, तर चार शायांच्या हिशेबाने फाइल सुमारे 10 गिगाबाइटची होते. इंचामागे 72 पिक्सेल ठेवले तर तीच 600 मेगाबाइटच्या आत बसते. साधारण निकोप डोळ्याला दहा मीटरांवरून तीन मिलिमीटरांहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही, आणि 72चा पिक्सेल तर एका मिलिमीटराच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. ‘फलक मोठा म्हणून पिक्सेलही दाट’ ही समजूत त्यामुळे उलटी ठरते, कारण पिक्सेलांची दाटी फलकाच्या आकारावर नव्हे, तर पाहणाऱ्याच्या अंतरावर ठरते, आणि फटकारा मारणारा रंगारी हे गणित न मांडताच पाळीत होता.

खरी अडचण मूळ छायाचित्राची असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र लांबीला साधारण 1600 पिक्सेलांचे होऊन पोहोचते, आणि फाइल लहान करताना जेपेग पद्धत त्याचे 8 बाय 8 पिक्सेलांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील बारकावे छाटते. असे चित्र पाच फुटांचे केले की एकेक तुकडा पाऊण सेंटीमीटरचा होतो आणि गालावर, कपाळावर दहा मीटरांवरूनही जाणवू शकतो. रंगाऱ्याने रंगाखाली झाकलेल्या चौकटी अशा रीतीने बोलावल्यावाचून परत येतात. संगणकावर पिक्सेल वाढविल्याने गेलेला तपशील परत येत नाही, त्यामुळे फोनमधील मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घेणे हाच यावरचा शहाणा उपाय होय.

रंगाचेही असेच आहे. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवितो, तर छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या शायांनी. म्हणून पडद्यावर झळाळणारा भगवा फ्लेक्सवर मळकट उतरू शकतो. तो स्वच्छ राखण्यासाठी फाइलमध्ये सायन व काळा शून्यावर ठेवून पिवळा पूर्ण आणि मॅजेंटा 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

मराठी मजकुराने या तयारीत एक खास पायरी वाढविली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांक-जागी बसविलेले असल्याने तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत, म्हणून फाइल छपाईला देण्यापूर्वी कोरलड्रॉमध्ये सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करण्याची, म्हणजे अक्षरांचे नुसत्या वक्ररेषांच्या आकृत्यांत रूपांतर करण्याची, शिस्त रूढ झाली. एकदा कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टंकित करून सुधारता येत नाही. रंगाऱ्याकडून ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली तर ओला रंग चिंधीने पुसून ती पुन्हा काढता येई. फ्लेक्सवर तीच चूक सापडली तर ठिगळ चिकटवावे लागते किंवा अख्खा फलक पुन्हा छापावा लागतो.