डॉक्टरांच्या नावाची बाग: श्रेबर, लाइपझिग आणि भाड्याचे वाफे

माझ्याकडे मधुमेहासाठी एक काका येतात. वय एकाहत्तर. गावचं घर बंद करून मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला आलेले. दर वेळी मी त्यांच्या कागदावर लिहितो: ‘चालणे – रोज ३० मिनिटे’. मागच्या वेळी विचारलं, “काका, चालणं चालू आहे ना?”

“खरं सांगू का डॉक्टर? दोन दिवस चाललो. कुठे जायचंच नाही तर नुसतं चालायचं कशाला, असं वाटतं. गावी परसात सकाळ कधी सरायची तेच कळायचं नाही.”

हे ऐकून मला एका जर्मन डॉक्टरांची आठवण झाली. त्यांनीही लोकांना व्यायाम लिहून दिला होता, पुस्तकंच्या पुस्तकं भरून. ते व्यायाम आज कोणी करत नाही. पण त्यांच्या नावाच्या हजारो बागा आजही फुलतात, आणि गंमत म्हणजे त्यातली एकही बाग त्यांनी लावलेली नाही. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

वाफे आधीपासून होते

युरोपातल्या गरिबांना शहराच्या कडेला भाजीपाल्यासाठी जमिनीचा लहान तुकडा भाड्याने देण्याची पद्धत जुनी आहे. उत्तर जर्मनीत काप्पेल्न या गावी १८१४ च्या सुमारास असे वाफे आखले गेले. हेतू सरळ होता. गरिबाने स्वतःचे बटाटे आणि कोबी स्वतः पिकवावेत आणि मदतीसाठी हात पसरू नये.

नंतर कारखाने आले. खेड्यातली माणसं शहरात आली आणि चाळींसारख्या कोंदट इमारतींत राहू लागली. अंगणात ऊन नाही, हवेत कोळशाचा धूर. मुलांमध्ये मुडदूस वाढला. पाय वाकायचे, मनगटं सुजायची, छातीच्या फासळ्यांवर गाठी यायच्या. कारण तेव्हा नीट माहीत नव्हतं. पुढे १९१९ मध्ये बर्लिनच्या डॉ. हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं आणि उन्हाचा संबंध पक्का झाला. आज आपण ज्याला ड जीवनसत्त्वाची कमतरता म्हणतो, तीच ही.

डॉ. श्रेबर आणि ताठ कणा

लाइपझिग शहरात डॉ. मोरिट्झ श्रेबर (१८०८–१८६१) यांनी १८४४ पासून अस्थिविकारांची एक संस्था चालवली. वाकड्या पाठीची, खांदे पडलेली मुलं ते रोज पाहत. शहरी मुलांना मोकळी हवा हवी, खेळ हवा, व्यायाम हवा, हे त्यांचं ठाम मत होतं. घरच्या घरी करायच्या व्यायामांवरचं त्यांचं १८५५ सालचं पुस्तक खूप खपलं. इथपर्यंत मीही त्यांच्या बाजूने आहे.

पण याच डॉक्टरांनी मुलांना ताठ बसवण्यासाठी उपकरणंही बनवली. एक लोखंडी आडवी दांडी मेजाला जोडलेली असे, म्हणजे लिहिताना मूल पुढे वाकूच शकणार नाही. दुसऱ्या उपकरणात एक पट्टा केसांना आणि आतल्या कपड्याला बांधायचा. मान झुकली की केस ओढले जायचे. लहान वयापासून कडक शिस्त, हट्ट मोडून काढणं, हेही त्यांच्या लिखाणात आहे.

आज आपण हे करणार नाही. मूल वाकून बसतं ते बहुतेक वेळा थकव्यामुळे, कंटाळ्यामुळे किंवा खुर्ची-टेबलाची उंची चुकल्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे हालचाल. त्याला बांधून ठेवणं हा उपाय नव्हे.

घरातली शोकांतिका

श्रेबर यांच्या मोठ्या मुलाने १८७७ मध्ये आत्महत्या केली. धाकटा डानिएल पाउल मोठा न्यायाधीश झाला, पण त्याला गंभीर मानसिक आजाराचे झटके आले आणि आयुष्यातली अनेक वर्षं त्याने मनोरुग्णालयात काढली. आपल्या आजाराचा अनुभव त्याने १९०३ मध्ये पुस्तकरूपाने छापला. फ्रॉइड त्याला कधी भेटले नाहीत, पण त्या पुस्तकावरून त्यांनी १९११ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला.

पुढे १९७० च्या दशकात मांडणी झाली की वडिलांच्या छळामुळेच मुलगा आजारी पडला. नंतरच्या अभ्यासकांनी ती इतकी सोपी नसल्याचं दाखवून दिलं. मी इथे थांबतो, कारण हा प्रश्न माझ्या टेबलासमोरही येतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाची आई विचारते, “डॉक्टर, आमचंच काही चुकलं का हो?”

बालपणातल्या छळामुळे मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण असे आजार अनुवंश, मेंदूची वाढ, ताण, व्यसनं अशा अनेक गोष्टी मिळून होतात. एका घराकडे बोट दाखवून ‘यांच्यामुळे झालं’ असं म्हणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या घराबद्दल नाही आणि तुमच्या घराबद्दलही नाही.

मैदान मुलांसाठी, बाग आईवडिलांची

श्रेबर १८६१ मध्ये वारले. तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, त्याच शहरातले एक मुख्याध्यापक अर्न्स्ट हाउशिल्ड यांनी पालकांची एक संस्था काढली आणि तिला श्रेबर यांचं नाव दिलं. १८६५ मध्ये मुलांना खेळायला एक गवताळ मैदान खुलं झालं. त्याचं नाव श्रेबरप्लाट्झ. बागेचा अजून पत्ताच नव्हता.

मग १८६८ मध्ये कार्ल गेझेल नावाच्या निवृत्त शिक्षकांना एक कल्पना सुचली. मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे करावेत. मुलं पेरतील, पाणी घालतील, शिकतील. कल्पना छानच. मुलांनी पेरलंही. पण तण काढायची वेळ आली आणि मुलं पळाली खेळायला!

ज्यांनी घरात मुलांसाठी हौसेने कुंडी आणली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. वाफे सुकू लागले तेव्हा आईवडील खाली वाकले. आधी मुलांचं काम उरकायला आणि नंतर स्वतःच्या आवडीने. हळूहळू वाफ्यांना कुंपणं आली, छोट्या झोपड्या आल्या आणि काही वर्षांत तिथे शंभराच्या आसपास कौटुंबिक बागा झाल्या. ‘श्रेबरची बाग’ हा शब्द जर्मन भाषेत कायमचा रुजला. त्या पहिल्या संस्थेच्या नंतरच्या जागेवर आज या बागांचं संग्रहालय आहे.

श्रेबर यांनी व्यायाम लिहून दिला होता. लोकांनी बाग उचलली, कारण बागेत काम करण्याला कारण होतं. उद्या मटार निघणार होते.

भुकेच्या दिवसांत

ही हौस पुढे पोटाचा आधार ठरली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अन्नाची तीव्र टंचाई झाली. युद्धानंतर १९१९ मध्ये कायदा करून या वाफ्यांचं भाडं मर्यादित केलं गेलं आणि मालकाला वाटेल तेव्हा भाडेकरूला हाकलता येणार नाही अशी तरतूद झाली.

ब्रिटनमध्ये तर १९०८ च्या कायद्यानेच स्थानिक संस्थांवर मागणीप्रमाणे वाफे पुरवण्याची जबाबदारी टाकली होती. दुसऱ्या महायुद्धात ‘विजयासाठी खणा’ ही सरकारी मोहीम निघाली. उद्यानांत, खेळाच्या मैदानांत कांदे-बटाटे लागले आणि वाफ्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. साखर, लोणी, मांस रेशनवर होतं. भाजीपाला मात्र रेशनवर नव्हता, स्वतः पिकवा आणि हवा तितका खा. त्या काळच्या ब्रिटिश आहारात भाज्यांचा वाटा वाढला, त्याचं श्रेय या वाफ्यांनाही जातं.

बर्लिनच्या एका वाफ्याची आठवण वेगळी आहे. हान्स रोझेनथाल हा ज्यू तरुण १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत तिथल्या बागांच्या वसाहतीत एका झोपडीत लपून राहिला. वसाहतीतल्या बायकांनी जीव धोक्यात घालून त्याला जगवलं. पुढे तो जर्मनीतला लोकप्रिय दूरचित्रवाणी निवेदक झाला. याच काळात अनेक बाग-संघटनांनी आपल्या ज्यू सभासदांना बाहेर काढलं होतं, हेही विसरून चालणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक

या बागांना ऋतूंचं कॅलेंडर असतं आणि मला वाटतं, अर्धं औषध तिथेच आहे. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. १५ मेची ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं उघड्यावर लावायची नाहीत, असा जुना नेम. आपल्याकडे शेतकरी मृगाची वाट पाहतो, तसंच हे. उन्हाळ्यात मुलांचा मेळा, शरद ऋतूत सुगीचा उत्सव. ब्रिटनमध्ये हिवाळा संपता संपता बियाण्यांची अदलाबदल आणि उन्हाळ्याअखेर कोणाचा भोपळा सर्वांत मोठा याची स्पर्धा.

एकट्या राहणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात कोणीतरी आपली वाट पाहणार आहे हे माहीत असणं किती मोलाचं असतं, ते निवृत्त माणसांना विचारा.

विज्ञान काय म्हणतं?

नेदरलँड्समध्ये २०१० साली बागवाले आणि त्यांचे बिनबागेचे शेजारी यांची तुलना केली. ६२ वर्षांवरचे बागवाले आरोग्याच्या अनेक बाबतींत सरस निघाले. तरुणांमध्ये तसा फरक दिसला नाही. अर्थात धडधाकट माणसंच बाग करतात, असंही असू शकतं.

२०११ मध्ये तिथेच ३० बागवाल्यांना आधी मुद्दाम ताण देणारं काम दिलं. मग काहींना अर्धा तास बागेत आणि काहींना आत वाचत बसवलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत जास्त. मनःस्थितीही बागेतच सुधारली.

अमेरिकेतल्या डेन्व्हर भागात २९१ प्रौढांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना सामूहिक बागेत जागा दिली. त्यांच्या आहारात रोज सुमारे दीड ग्रॅम तंतुमय पदार्थ वाढले, ताण आणि चिंता कमी झाली. वजनात मात्र फरक पडला नाही. म्हणून बागकाम हे औषधाला पर्याय नाही. तो नियमित आणि न कंटाळता होणारा मध्यम श्रमाचा व्यायाम आहे.

माती हातात घेण्याआधी

• धनुर्वाताच्या लसीचा शेवटचा डोस कधी घेतला, ते तपासा.
• मधुमेह असेल तर मातीत अनवाणी जाऊ नका. बंद बूट घाला, रात्री तळपाय पाहा.
• खताची पिशवी तोंडाजवळ उघडू नका. मातीत काम करताना हातमोजे वापरा.
• कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. बशा आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा.
• कमरेतून वाकण्याऐवजी स्टुलावर बसून काम करा. गुडघे दुखत असतील तर कुंड्या उंचावर ठेवा.
• मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरीनची गोळी चालू असेल, तर पालेभाज्या अचानक वाढवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आमचे काका?

त्या दिवशी त्यांच्या कागदावर मी ‘चालणे’ खोडलं आणि लिहिलं: ‘वाफा’. त्यांनी सोसायटीकडे कुंपणाच्या भिंतीलगतच्या दोन पट्ट्या मागितल्या. बरीच चर्चा होऊन एक मिळाली. आता तिथे मेथी आहे, मिरच्या आहेत आणि भिंतीवर दुधी चढतोय. पाणी घालायला खाली-वर दिवसातून तीन फेऱ्या होतात.

साखर किती उतरली ते मी इथे लिहिणार नाही. त्याच काळात आम्ही त्यांची एक गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मला सांगता येणार नाही. पण परवा ते मेथीची जुडी घेऊन आले आणि म्हणाले, “डॉक्टर, यंदा आळी करून ठेवलीत. पाऊस पडू द्या, काकडी लावतो. शेजारची दोन पोरं मदतीला येतात हो, पण तण काढायचं म्हटलं की पळतात!”

मी त्यांना लाइपझिगची गोष्ट सांगितली. ते खूप हसले.