पलुसकरांची तबकडी आणि एस.टी.चा प्रवास

दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकला झाला. वडील पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी उत्तरायुष्यात याच गावी रामनाम आधाराश्रम काढला होता. दत्तात्रेय दहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे त्यांची तालीम झाली. १९४४ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. म्हणजे तबकड्यांसाठी गायला त्यांना जेमतेम अकरा वर्षे मिळाली.

नव्वदच्या दशकात त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे सीडीवर ऐकायला मिळू लागली. त्या दशकाच्या अखेरीस, आम्ही विद्यार्थी असताना, मित्राचा एक सुटसुटीत सीडी प्लेअर घेऊन नाशिकहून पुण्याला निघालो. यंत्राच्या खोक्यावरचे आकडे भारदस्त होते. पण एस.टी. खड्ड्यातून गेली की पलुसकरांची तान मधेच तुटे. मित्राच्या मते यंत्र टाकाऊ होते. घरी टेबलावर ठेवले तेव्हा तेच यंत्र उत्तम वाजले. मग रोजच्या ऐकण्यासाठी ते चांगले म्हणायचे की वाईट? हे ठरवण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नेता येणे आणि जाता जाता ऐकणे

पलुसकरांच्या काळातली तबकडी लाखेची असे आणि मिनिटाला ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच गाणे मावे. तासभर चालणारा राग गायकाला तेवढ्यात बसवावा लागे. ही तबकडी प्रवासातही नेता येई. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचा १९३१ सालचा १०२ क्रमांकाचा ग्रामोफोन म्हणजे मूठ लावलेली पेटीच होती. चावी दिली की स्प्रिंगवर चाले, वीज लागत नसे. मात्र ऐकताना पेटी सपाट जागी स्थिर ठेवावी लागे, नाहीतर सुई खाचेतून उडे.

चालत्या माणसाला गाणे ऐकवले ते १९७९ च्या वॉकमनने. तेथे टेप हेडला घासत जाते, म्हणून धक्क्याने आवाज थोडा थरथरला तरी गाणे तुटत नाही. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि दोनच वर्षांनी सोनीने डी-५० हा छोटा प्लेअर काढला. येथे जुनी अडचण नव्या रूपात परतली. सीडीवरील खुणांचा सर्पिल मार्ग इतका दाट असतो की एका मिलिमीटरमध्ये त्याचे सुमारे ६२५ फेरे येतात. लेसरचा झोत या मार्गावर राहावा म्हणून भिंग चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याच्या साहाय्याने सतत सावरले जाते. मोठा धक्का बसला की झोत मार्ग सोडतो. सुई नाही, घर्षण नाही, तरी गाणे तुटते.

उसनी घेतलेली सेकंदे

यावर युक्ती निघाली ती स्मृतीची. यंत्र तबकडी दुप्पट वेगाने वाचते. दर सेकंदाला दोन सेकंदांचे गाणे हाती येते. त्यातले एक वाजते, एक साठते. झोत भरकटला की साठ्यातले गाणे वाजत राहते.

साठा किती हवा? सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि ध्वनिमार्ग दोन. गुणाकार केल्यास दर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मेगाबिटच्या स्मृतीत सुमारे तीन सेकंद मावतात, सोळा मेगाबिटच्या स्मृतीत सुमारे बारा. पुढे काही यंत्रांवर ‘४० सेकंद’ असे छापलेले दिसू लागले. तेवढ्याच स्मृतीत जास्त सेकंदे बसवायची तर आवाजातली काही माहिती गाळावी लागते. खोक्यावरचा हा आकडा मोठा असला म्हणून सगळेच गुण मोठे ठरत नाहीत.

शिवाय एक मर्यादा उरतेच. झोत निम्म्याहून अधिक वेळ भरकटलेला असेल, तर साठा भरण्यापेक्षा वेगाने रिकामा होतो. खड्ड्यामागून खड्डा आला की गाणे तुटायचेच. दुप्पट वेगामुळे बॅटरीही लवकर संपते, म्हणून अनेक यंत्रांवर ही सोय बंद करण्याचे बटण असे.

९६ डेसिबलचे काय करायचे?

सोळा बिटांमुळे सीडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. शांत खोलीत हे मोलाचे आहे. एस.टी.त मात्र भोवतालचा गोंगाट ८० डेसिबल धरा. त्यावर अगदी हळू स्वरही ऐकू यावा असा आवाज ठेवला, तर सर्वांत मोठा स्वर १७६ डेसिबलवर जाईल. कान तर १२०-१३० डेसिबललाच दुखू लागतात. म्हणजे या ९६ डेसिबलांपैकी बराच भाग बसमध्ये वायाच जातो. जुन्या लाखेच्या तबकडीत हे अंतर ४० डेसिबलच्या आसपास असते. गंमत अशी, की पलुसकरांचे तीन मिनिटांचे जुने गाणे बसमध्ये अद्ययावत ध्वनिमुद्रणापेक्षा सोयीचे ठरते. त्यात हळू स्वर गोंगाटात बुडण्याची भीती कमी.

खरा धोका वेगळा आहे. गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित असते, आणि दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. ९२ डेसिबलला ती अडीच तासांवर येते. सहा दिवस रोज अर्धा तास प्रवास करणारा विद्यार्थी ती ओलांडतो. झालेले नुकसान भरून येत नाही आणि सुरुवातीला कळतही नाही.

तेव्हा त्या यंत्राला आम्ही आता टाकाऊ म्हणणार नाही. ते स्थिर टेबलासाठी चांगले होते आणि आम्ही त्याची परीक्षा खड्ड्यांत घेतली. यंत्र, ध्वनिमुद्रण, जागा आणि कान यांचा एकत्र विचार केल्याशिवाय निकाल देता येत नाही.

सीडी प्लेअर आता अडगळीत गेले. गाणी फोनवर आली, धक्क्याचा प्रश्न मिटला. गोंगाटाचा प्रश्न मात्र तसाच आहे. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी एकच गाणे आधी शांत खोलीत आणि मग वर्दळीच्या रस्त्याकडेला इअरफोनने काही क्षण ऐकावे. दोन्ही वेळी आवाजाची पट्टी कितव्या घरावर ठेवावी लागली ते वहीत लिहावे. त्या दोन आकड्यांतला फरक हाच आपल्या कानांवर पडणारा जादा भार. त्या गाण्यांत एखादे पलुसकरांचेही असावे.