ढगांतून उतरण्याचा नकाशा

परभणीच्या सपाट शिवारांत उभें राहून रात्रीं पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचा दिवा पाहावा, तर पुढें सह्याद्रि आडवा आहे याचें स्मरणहि होत नाहीं. आम्हां मैदानी माणसांचें सोडा. पण ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं हाच विसर ९४ जिवांस भोंवला. सिडनीहून रोमकडे निघालेलें अलितालिया कंपनीचें डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असतां जुन्नरजवळच्या डोंगरावर, माथ्याच्या अगदीं नजीक, आदळलें. मुंबई अद्याप सुमारें ५० मैल दूर होती!

उंची दाखविणारा कांटा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, पायांखालच्या जमिनीपासूनची नव्हे. ३,६०० फुटांचा आंकडा परभणीवर असेल तर खालीं दोन हजारांहून अधिक फूट मोकळें आकाश असतें. जुन्नरच्या त्या डोंगरावर तोच आंकडा म्हणजे खडक. तेव्हां कांट्याच्या जोडीला नकाशा हवाच.

२४ सप्टेंबर १९२९ रोजीं डूलिटल या अमेरिकन वैमानिकानें, बाहेरचें कांहींएक न दिसेल अशा आच्छादनाखालीं बसून, केवळ उपकरणांच्या आधारें विमान उडवून परत उतरविलें. उपकरणें झालीं, पण वाट कोणी लिहावी? तें काम टपालविमानें चालविणाऱ्या जेप्पेसननें केलें. टेकड्यांच्या उंची, धावपट्ट्यांच्या लांबी, शेतकऱ्यांचे दूरध्वनिक्रमांकसुद्धां तो एका लहानशा वहींत टिपून ठेवी. मित्रांनीं नकला मागितल्या, आणि १९३४ पासून ती वही दहा डॉलरांस विकली जाऊं लागली.

आजच्या नकाशांत वरचा भाग आकाशांतून दिसणारी वाट दाखवितो, आणि खालचा भाग तीच वाट बाजूनें कापून जिन्यासारखी मांडतो. जुन्या वाड्याचा काळोखी जिना उतरतांना आपण पायरी चांचपल्यावांचून भार टाकीत नाहीं. येथेंहि नेमलेलें स्थान ओलांडल्याची खात्री झाल्यावांचून खालची उंची घ्यावयाची नसते. शेवटच्या पायरीवरूनहि धावपट्टी दिसली नाहीं, तर पुन्हां वर कोणत्या दिशेनें जावें हेंहि तेथेंच लिहिलेलें असतें. मला तर हा परतण्याचा मार्गच नकाशांतील सर्वांत शहाणा भाग वाटतो.

जुन्नरच्या चौकशींत निघालें तें असें: वैमानिकास आपण मुंबईच्या फार जवळ आलों असें वाटलें, म्हणून तो वेळेपूर्वींच खालीं आला, किमान सुरक्षित उंची मोडली गेली आणि उपलब्ध दिशादर्शक साधनें वापरलीं गेलीं नाहींत. मुलुख अपरिचित होता हेंहि एक कारण नोंदलें आहे. परंतु परिचयाच्या मुलखांत नकाशा हवाच कोणाला?

याच्या तेरा वर्षें आधीं, १२ जुलै १९४९ रोजीं, के. एल. एम. कंपनीचें एक विमान भर पावसांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें होतें. ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन वार्ताहर होते. त्या टेकडीपासून सांताक्रूझचा विमानतळ अवघ्या कांहीं मैलांवर होता.