अर्ज आणि पोच

‘अर्ज’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. वरिष्ठापुढे आपले म्हणणे नम्रतेने मांडणे, असा त्याचा मूळ भाव. त्याच्या मागे दरबार आहे, खाली घातलेली मान आहे, आणि मागणारा व देणारा यांच्या बैठकीतले अंतरही आहे. ‘पोच’ हा शब्द मात्र घरचा. ‘पोचणे’ या साध्या क्रियापदापासून तो निघाला. आपण दिलेला कागद पलीकडे पोचला, एवढेच तो सांगतो. सरकारकडून गरिबाला मिळावयाच्या मदतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले की, हा सारा इतिहास या दोन शब्दांमधला प्रवास आहे. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाची ताटे घरोघरी सारखीच भरलेली नसतात, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

माझे गाव किन्हीराजा, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. मालेगाव म्हटले की नाशिककडचे मालेगाव लोकांच्या डोळ्यांपुढे येते. हे ते नव्हे. शेलूबाजारहून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आमचे गाव आहे. मी आयुष्यभर या भागात शाळामास्तरकी केली, आणि खेड्यातला शाळामास्तर म्हणजे बिनपगारी अर्जनवीस. शाळा सुटली की ओट्यावर कोणीतरी कागद घेऊन बसलेले असायचेच.

आमच्या गावाने कचेऱ्यांची ये-जा पुष्कळ पाहिली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. त्यांच्या अमदानीत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि आमचा भाग अकोल्याला जोडला गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही. साहेबाची कचेरी मात्र ९३ वर्षे अकोल्यास जाऊन परत आली. मोठ्या साहेबाकडे गाऱ्हाणे न्यायचे तर अकोल्याची वाट धरावी लागे, आणि मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडे. मागण्याचाही एक खर्च असतो. ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तो खर्च सर्वांत जड जातो.

मागील काळात जरा डोकावू. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉयने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडीशी रोकड इतक्यावर आणून ठेवला. दिवसभर खडी फोडणाऱ्याचे त्यावर भागणे शक्य नव्हते. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांचे सहकारी यांनी, या लोकांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळाचा धडा म्हणून १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळसंहिता, तयार झाली. धडधाकटांना काम द्यावे, म्हातारे, आंधळे, पांगळे यांना कामाविना मदत द्यावी, पीक बुडाले तर सारा तहकूब करावा, असे नियम त्यात लेखी आले. उपकाराच्या जागी नियम आला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण नियम इंग्रजीत होता आणि उपाशी माणूस मराठीत. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी नेमकी ही गोष्ट ओळखली. सरकारने नवे काही द्यावे अशी त्यांची मागणी नव्हती. सरकारच्याच पुस्तकात जे लिहिले आहे ते रयतेला कळावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. सार्वजनिक सभेने त्या नियमांची मराठी पत्रके काढली, गावोगाव माणसे पाठविली, सभा भरविल्या. सारा माफ होण्याजोगा असेल तर घरातली भांडीकुंडी विकून तो भरू नका, असे ‘केसरी’ने शेतकऱ्यांना सांगितले. परिणाम काय झाला? १८९७ साली मुंबई सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली! सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखविणे हा अपराध ठरला. त्या सरकारला गाऱ्हाण्याचे फारसे भय नव्हते. गाऱ्हाणे करणाऱ्याला नियम ठाऊक असण्याचे होते.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे ही चळवळ आमच्या खेड्यांपर्यंत आली नाही. दुष्काळ मात्र आला. १८९९-१९०० सालचा दुष्काळ वऱ्हाडाला फार कठीण गेला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडाची लोकसंख्या वाढावयाची ती सुमारे ५ टक्क्यांनी घटली आणि २७ लाख ५४ हजारांवर आली. काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख! बाजारात कापूस असून घरात ज्वारी नसणे म्हणजे काय, हे त्या पिढीने पाहिले.

यानंतर मी एकदम १९७२ वर येतो, कारण त्या सालाने मागण्याचा अर्थच बदलला. माझ्या वयाच्या माणसांना ते साल सुकडी, मिलो आणि खडी या तीन शब्दांनी आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पण या संकटाच्या आधीच एका माणसाने त्यावर विचार करून ठेवला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे एक प्रयोग केला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे, ही त्याची कल्पना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली. नाईकसाहेब पुसदकडचे, म्हणजे आमच्या वाशीमचे शेजारीच. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे मर्म सांगतो. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते मिळाले नाही, तर सरकारने बेकारभत्ता द्यावा, असे त्यात होते. भत्ता दिवसाला कमीत कमी १ रुपया! रक्कम ऐकून हसू येईल. पण त्या रुपयाने सरकारला देणेकरी केले. आणि हे १५ दिवस मोजायचे कधीपासून? त्यासाठी दोन कागद ठरले. नमुना ४ म्हणजे मजुराने केलेली कामाची मागणी, आणि नमुना ५ म्हणजे तिची पोच. पोच नसेल तर तारीख नाही, तारीख नसेल तर १५ दिवस नाहीत, आणि दिवस नसतील तर भत्ताही नाही. कायद्याचा सारा डोलारा त्या वीतभर कागदावर उभा होता. अनेक ठिकाणी काम मिळे, पण पोच मात्र देण्याची टाळाटाळ होई. त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

येथे शहरातील वाचकांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या पगारातून ‘व्यवसाय कर’ म्हणून जी रक्कम कापली जाते, आणि जिची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे, तो कर १९७५ साली मुख्यतः या रोजगार हमीसाठीच बसविला गेला. खेड्यातल्या मजुराला काम मिळावे म्हणून शहरातल्या पगारदाराने आपल्या पगारातला वाटा दिला. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगाराचा कायदा करून साऱ्या देशाला वर्षाकाठी १०० दिवसांची हमी दिली, तेव्हा महाराष्ट्राच्या हमीचा अनुभव पंचवीस वर्षांहून अधिक जुना झालेला होता.

ज्यांच्या अंगात खडी फोडण्याचे बळ नाही, त्यांच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमच्या ओळखीची एक विधवा बाई होती; मागेपुढे कोणी नाही, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करायचे, तेही आता झेपेना. कोणाच्या तरी हाती तिने एकदा अर्ज पाठविला होता. त्याचे पुढे काय झाले, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मी पुन्हा अर्ज लिहून देतो म्हटले, तर ती उसळलीच.

“गुरुजी, आतालोक कोनाले काही मांगतलं नाही म्या. आता सरकारले काहून भीक मांगू?”

मी म्हटले, “माय, मीठ-काडीपेटी उधार आणता की रोखीने?”

“रोखीनंच तं आनतो, बाप्पा.”

“मग त्या काडीपेटीच्या किमतीत सरकारचा कर असतो. तो तुम्ही जन्मभर भरला आहे. आता थोडे परत घ्या.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने डावा अंगठा पुढे केला. मी अर्जाच्या दोन प्रती केल्या, दोन्हींवर ‘निशाणी डावा अंगठा’ लिहिले आणि तिला घेऊन कचेरीत गेलो. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख मागितली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, “मास्तर, आमच्यावर विश्वास नाही का?” मी म्हणालो, “विश्वास आहे. बाईंना तो लिहून हवा आहे.” सही मिळाली. पुढे विचारपूस करायला गेलो की बाई आधी पदराच्या गाठीतून तो कागद काढी. काही महिन्यांनी अनुदान मंजूर झाले. पैसे येऊ लागल्यावरही तिने तो कागद टाकला नाही.

आज काळ पालटला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. अर्ज संगणकावर भरता येतो. पैसे बँकेच्या खात्यात येतात. निराधार योजनेत आणि ६५ वर्षांवरील वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ साली महिन्याची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. पण पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०२४ सालीही २१,००० रुपयेच होती. आता हिशेब करू. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने एखादी निराधार बाई ७१ दिवस राबली, की ती सरकारच्या कागदावर निराधार राहत नाही! त्याच साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत रक्कम तीच, १,५०० रुपये. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. कोणती योजना चांगली, कोणती वाईट, हा माझा विषय नाही. मला एवढेच दिसते की, २१,००० च्या आकड्यामुळे गरिबाला दाखल्यासाठी आपली थोडीशी मिळकतही लपवावी लागते, आणि प्रामाणिक माणूस अर्ज करण्यापूर्वीच मागे फिरतो.

रेशनकार्डाचीही तीच कथा. १९९९ साली महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे असे तीन रंग आले, आणि गावात माणसाची ओळख रंगावरून होऊ लागली. २०१५ साली वाशीमसह १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला. २०२३ साली धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. धान्य दुकानात येत होते तेव्हा आले की नाही ते साऱ्या गावाला दिसे. खात्यातले पैसे आले की नाही, हे ज्याचे त्याने बँकेत जाऊन पाहायचे.

तरीही मी निराश नाही. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. ज्या सेवा त्याखाली जाहीर झाल्या, त्यांसाठी अर्जाची पोच देणे, ठरलेल्या मुदतीत काम करणे, नाकारले तर कारण लेखी कळविणे, हे त्याने बंधनकारक केले. वर अपिलाची सोय आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही आहे. १८९७ साली सरकारचा नियम लोकांना सांगणाऱ्या सभेची मान्यता गेली. आता तोच नियम कचेरीच्या भिंतीवर फलक करून लावावा, असा कायदा आहे. फलकावरची अक्षरे ज्याला वाचता येत नाहीत, त्याला ती वाचून दाखविणारा मात्र आजही लागतो.

वाचकहो, दिवाळीला आपण गावी जाल. घरचा सालदार भेटेल, शेजारची एकटी म्हातारी ओवाळायला येईल. ओवाळणी तर घालालच. पण फराळ झाल्यावर दहा मिनिटे त्यांच्यापाशी बसा. निराधारचा, श्रावणबाळचा अर्ज केला आहे का, हयातीचा दाखला दिला आहे का, खाते आधारला जोडले आहे का, हे विचारा. अर्ज केला असेल तर पोच पाहायला मागा. नसेल तर कचेऱ्या उघडल्यावर त्यांच्याबरोबर एकदा जा, आणि तारीख घातलेला कागद त्यांच्या हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.